घरात येणारं दूध कोण पितं?

आमच्या घरी दोन म्हशी होत्या. सातारा जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव, पावसावर येणारी ज्वारी-बाजरी आणि घरात आठ माणसं. पहाटे आणि तिन्हीसांजेला धार काढली की वडील किटली घेऊन डेअरीत जायचे. तिथे फॅट आणि डिग्री बघून दर लागायचा, पासबुकात नोंद व्हायची आणि दहा दिवसांनी बिल निघायचं. पेंडीची उधारी, आमची वह्या-पुस्तकं, कुणाचा दवाखाना, सगळं त्या बिलावर चालायचं. त्यामुळे दारात दोन म्हशी असूनही आम्ही सकाळी कोरा चहा प्यायचो. किटलीत दूध ओतण्याआधी आई एक गडू भरून बाजूला ठेवायची. जेमतेम अर्धा लिटर. आठ माणसांचं दूध म्हणजे तो गडू.

पुढे मी आहारशास्त्र शिकले आणि १९९५ साली पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून कामाला लागले. २०२३ मध्ये निवृत्त झाले. या अठ्ठावीस वर्षांत माझ्यासमोरच्या लाकडी खुर्चीवर हजारो माणसं येऊन बसली. डाळ, भाजी, तेल, साखर या सगळ्यांबद्दल बोलणं व्हायचंच, पण दुधाइतका जिव्हाळ्याचा विषय दुसरा नव्हता. कुणाला दूध म्हणजे अमृत वाटायचं, कुणाला सगळ्या दुखण्यांचं मूळ. दोन्ही टोकांच्या माणसांना समजावता समजावता मीच बरंच काही शिकले. ते सांगावंसं वाटतं, कारण त्यातलं बरंचसं मी चुका करून शिकले आहे.

सुरुवातीला माझ्याकडे एक छापील तक्ता होता. सकाळी एक कप दूध, रात्री एक कप दूध. येईल त्याला तो तक्ता द्यायचा, दोन-तीन गोष्टींवर पेनाने खुणा करायच्या आणि पुढच्याला हाक मारायची. बाह्यरुग्ण विभागात साठ-सत्तर माणसं असायची, वेळ पुरायचा नाही. तक्त्यात चूक काही नव्हती. तो ज्याच्या हातात जातोय त्याच्या घरात काय चाललंय, एवढंच मला ठाऊक नसायचं.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी एक आई दीड वर्षाच्या मुलाला घेऊन आली. मूल गुटगुटीत, गोरंपान. तक्रार एकच, जेवत नाही. मी विचारलं, “दूध पितो ना?” ती म्हणाली, “दूध मात्र आवडीने पितो.” मी म्हटलं, “मग काळजी करू नका, दूध चालू ठेवा, जेवण हळूहळू घेईल.” किती दूध, कशातून, कधी, यातलं काहीही मी विचारलं नाही. तीन महिन्यांनी तेच मूल बालरोग विभागात भरती झालं. हिमोग्लोबिन सहाच्या आसपास आलं होतं. जो गोरेपणा मला दिसला होता तो पांढुरकेपणा होता. त्याच्या आईकडून मग कळलं, मूल दिवसभरात सव्वा लिटर दूध बाटलीतून पीत होतं. उठल्यावर बाटली, रडलं की बाटली, झोपताना तोंडात बाटली. वरच्या पुढच्या दातांवर तपकिरी कीडही लागली होती.

दुधात जवळजवळ सगळं आहे, पण लोह नसल्यातच जमा आहे. पोट दुधाने भरलं की मूल वरण-भाताला, भाजीला तोंड लावत नाही. त्यात दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन इतर अन्नातलं लोहही शरीरात नीट शोषलं जाऊ देत नाही. हे सगळं मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. समोर ते मूल बसलं असताना मात्र मला ते आठवलं नाही. डॉक्टरांनी लोहाचं औषध सुरू केलं, बाटली बंद झाली, दूध वाटी-पेल्याने आणि जेवणानंतर द्यायचं ठरलं. पहिला आठवडा त्या माउलीने रडारडीत काढला. दोन महिन्यांनी मूल मऊ भात, अंडं, लिंबू पिळलेली पालेभाजी खाऊ लागलं. त्याची आई मला कधी काही बोलली नाही, पण माझं ते वाक्य मी विसरू शकले नाही.

त्या दिवसापासून मी लहान मुलांच्या आयांना तीन गोष्टी सांगत आले. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. वर्ष पूर्ण होईपर्यंत गाय-म्हशीचं दूध हे बाळाचं मुख्य पेय होऊ द्यायचं नाही. आणि वर्षानंतर दिवसाला चारशे, फार तर पाचशे मिलिलिटर दूध, तेही पेल्याने. मूल जेवत नाही म्हणून दूध वाढवलं की भूक आणखी मरते आणि हे चक्र थांबत नाही.

दुसरा धडा एका गर्भवती मुलीने दिला. पाचवा महिना लागलेला, लोहाच्या लाल गोळ्या नियमाने घेत होती, तरी रक्त वाढत नव्हतं. डॉक्टरांना शंका आली की गोळ्या घेतच नसेल. मी तिला विचारलं, “गोळी कशाबरोबर घेतेस?” ती म्हणाली, “दुधाबरोबर. गोळी उष्ण पडते ना, म्हणून सासूबाई पेलाभर दूध देतात.” सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. सुनेला दूध देणारी सासू! इतक्या मायेने केलेली गोष्ट नेमकी उलटी पडत होती. मी त्यांनाच आत बोलावलं. म्हटलं, “तुमचं दूध चांगलंच आहे, फक्त गोळीशी त्याची गाठ घालू नका. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि दूध मध्ये दोन तास जाऊ देऊन.” कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीसोबत घ्यायची नसते, तीही वेगळ्या वेळी. पुढच्या तपासणीत रक्त वर आलं होतं. थायरॉइडची सकाळची गोळी आणि काही प्रतिजैविकं यांचंही असंच आहे. दुधाबरोबर ती नीट लागू पडत नाहीत. तेव्हापासून मी औषधांची पिशवी बघितल्याशिवाय दुधाची वेळ सांगितली नाही. चहाचंही तेच. जेवणाला लागून घेतलेला चहा, दुधाचा असो वा कोरा, पालेभाजीतलं लोह वाया घालवतो. मध्ये तासाभराचं अंतर हवं.

मग ज्यांना दूध सोसत नाही ती माणसं. एक निवृत्त एसटी चालक आले होते. आयुष्यभर त्यांनी चहापलीकडे दूध घेतलं नव्हतं. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालं आणि कुणीतरी सांगितलं, रोज दोन ग्लास दूध प्या. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून उपाशीपोटी मोठा ग्लास सुरू केला. पोटात गुडगुड, गॅस, दोनदा-तीनदा जुलाब. आठवड्यात त्यांनी दूध सोडलं आणि सोबत दही-ताकही सोडलं. ते मला म्हणाले, “ताई, आमच्या रक्तातच दूध नाही.”

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवणारं लॅक्टेज हे विकर लहानपणी भरपूर असतं, मोठेपणी अनेकांमध्ये कमी होतं. तो काही आजार नव्हे, माणसांच्या मोठ्या संख्येत असंच घडतं. पण कमी होतं म्हणजे शून्य होतं असं नाही. बहुतेकांना एका वेळी कपभर दूध, तेही जेवणासोबत, सोसतं. दह्यात तर जिवाणूंनी बरीच साखर आधीच आंबवून टाकलेली असते. मी त्यांना म्हटलं, “काका, महिनाभर दुधाचं नाव काढू नका. दुपारच्या जेवणात वाटीभर दही घ्या.” दही चाललं. मग रात्री जेवणानंतर अर्धा कप दूध सुरू केलं. तेही चाललं. त्यापुढे ते गेले नाहीत आणि जायची गरजही नव्हती. मात्र, दुधाने अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं हे प्रकरण वेगळं. ती ॲलर्जी. तिथे थोडं थोडं घेऊन बघायचं नाही, डॉक्टरांकडेच जायचं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीही दुधाचं माप डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

मधुमेहाच्या रुग्णांमध्ये मला उलटं चित्र दिसायचं. दूध गोड लागतं म्हणून बंद, आणि त्याच्याऐवजी कोऱ्या चहासोबत चार बिस्किटं. साधं, साखर न घातलेलं दूध रक्तातली साखर झपाट्याने वाढवत नाही. वाढवते ती त्यात आपण घातलेली साखर. एका बाईंनी मला अगदी मनापासून सांगितलं होतं की त्या गोड काहीच खात नाहीत. दिवसाचे चहा मोजले तर पाच निघाले, प्रत्येकी दोन चमचे साखर. दहा चमचे, म्हणजे जवळजवळ पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेचं प्रमाण पंचवीस ग्रॅमच्या आसपास ठेवलं तर उत्तम, असं म्हणते. बाई हिशोब बघून गप्प झाल्या. त्यांना वाईट वाटावं असा माझा हेतू नव्हता. आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. पाचाचे तीन चहा, दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा साखर कमी आणि वाचलेल्या दुधाचं दही. जिभेला सवय व्हायला दोन महिने लागले.

मुलांच्या दुधातल्या पावडरींबाबतही हेच. डब्यावर उंची, बुद्धी, ताकद यांची चित्रं असतात. पालक पोटाला चिमटा काढून तो डबा आणतात. डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचली की कित्येकदा साखरेचा आकडाच मोठा निघतो. माझं सांगणं सोपं असायचं. पावडरीशिवाय मूल दूध पीतच नसेल, तर दूध प्यायलाच हवं असं काही नाही. दोन चमचे नाचणी सत्त्व दुधात शिजवा, त्यात एखादा खजूर कुस्करा. किंवा दुधात भाकरी चुरा. आमच्या गावात दूध-भाकरी हेच आजारपणातून उठणाऱ्याचं पहिलं जेवण असायचं. शिकरणाबद्दल बरेचजण विचारायचे, फळ आणि दूध एकत्र चालतं का म्हणून. आयुर्वेदात ते वर्ज्य सांगितलंय हे खरं. आधुनिक आहारशास्त्राला निरोगी माणसात त्यापासून अपाय दिसत नाही. ज्याला खाऊन जड वाटतं त्याने खाऊ नये. ज्या घरात पिढ्यान्पिढ्या शिकरण-पोळी खाल्ली जाते त्या घराच्या ताटातून ती उचलायचं मला कारण दिसलं नाही. फक्त त्यात साखर कशाला? पिकलं केळं पुरेसं गोड असतं.

फॅटबद्दल मी सुरुवातीची वर्षं फार कडक होते. शाळेत असताना पासबुकात फॅट जास्त लागली की घरी आनंद व्हायचा. तीच फॅट आता मला शत्रू वाटू लागली होती. पिशव्यांचे प्रकार मी सगळ्यांना पाठ करून घेतले होते. फुल क्रीममध्ये सहा टक्के, प्रमाणित म्हणजे स्टँडर्ड दुधात साडेचार, टोन्डमध्ये तीन, डबल टोन्डमध्ये दीड. हे आकडे उपयोगी आहेत. म्हशीच्या निरशा दुधाच्या दोनशे मिलिलिटर पेल्यात तेरा ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश जातो, तेवढ्याच डबल टोन्डमध्ये तीन. प्रथिनं आणि कॅल्शियम मात्र दोन्हीकडे जवळपास सारखीच. ज्याचं वजन जास्त आहे, कोलेस्टेरॉल वाढलंय, त्याने साय काढावी, टोन्ड-डबल टोन्ड घ्यावं, हे मी आजही सांगते. पण एका हडकुळ्या आजोबांनाही मी तोच नियम लावला. त्यांचं वजन पंचेचाळीस किलो, भूक नाही, दात नाहीत. पोटात जाणारं बरंसं अन्न म्हणजे रात्रीचं सायीचं दूध. हृदयविकाराचा जुना झटका होता म्हणून मी ते बंद केलं. दोन महिन्यांत त्यांचं आणखी तीन किलो वजन उतरलं. डॉक्टरांशी बोलून ते दूध परत सुरू केलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं त्याने मला माझी चूक दाखवली. मी समोरचा माणूस न बघता त्याच्या कागदावरचा आजार बघितला होता.

दूध कसं ठेवायचं, तापवायचं हेही मी सांगत आले, कारण तिथे जुन्या समजुती पक्क्या आहेत. धारोष्ण दुधाची थोरवी आमच्या गावातही होती. आमच्या भावकीतल्या एकाला महिनोन्महिने ताप येत राहिला, घाम, सांधेदुखी, अंगात त्राण नाही. शेवटी निदान झालं माल्टा ताप, ज्याला ब्रुसेलोसिस म्हणतात. जनावराकडून कच्च्या दुधातून येणारा हा आजार आहे. क्षयाचे जंतूही कच्च्या दुधातून येऊ शकतात. म्हणून सुटं दूध उकळलंच पाहिजे, गोठा स्वतःचा असला तरी. पिशवीतलं दूध ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवून, लगेच थंड करून भरलेलं असतं. ते घरी एकदा तापवून गार करून फ्रिजमध्ये ठेवावं, दिवसातून पाच वेळा आटवू नये. दूध उन्हात ठेवू नये, प्रकाशाने त्यातलं रायबोफ्लेविन हे ब जीवनसत्त्व नष्ट होतं. घरी पनीर किंवा चक्का केला तर उरलेलं पाणी ओतू नये, त्यात कणीक भिजवावी.

मग रोज दूध घ्यायचं तरी किती? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनात प्रौढ माणसाच्या ताटात दिवसाला साधारण तीनशे मिलिलिटर दूध किंवा त्याचं दही धरलेलं आहे. तेवढ्यातून साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं. मी नोकरीत असतानाच, २०२० मध्ये, प्रौढांची कॅल्शियमची शिफारस सहाशेवरून हजार मिलिग्रॅम झाली. भिंतीवरचा तक्ता आम्ही बदलला तेव्हा एक तरुण सहकारी म्हणाली, आता सगळ्यांना लिटरभर दूध सांगावं लागणार. मी म्हटलं, नाही, आता सगळ्यांना नाचणी, तीळ आणि पालेभाजी सांगावी लागणार. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असतं, शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या वर. तीळ तर चमचाभरही पुष्कळ. दूध या सगळ्यांच्या पंगतीत बसतं, त्यांचं पान उचलत नाही.

आणि तीनशे मिलिलिटर म्हणजे प्यायलेलंच असं नव्हे. बहुतेकांना हेच ठाऊक नसतं. दिवसाच्या दोन चहांत शंभरेक मिलिलिटर गेलं. दुपारी वाटीभर दही किंवा कढी. रात्री हवं तर अर्धा कप हळदीचं दूध, औषध म्हणून नव्हे, आवडतं म्हणून. ताकातली उकड, ताकातला पालक, नाचणीची आंबील, दहीभात, काकडीची कोशिंबीर या आपल्या सगळ्या घरगुती गोष्टींत दूध आधीच आहे. फक्त ताकाचा हिशोब खरा ठेवावा. एका आजींनी मला सांगितलं होतं की त्या रोज तांब्याभर ताक पितात, कॅल्शियमची काळजी नको. विचारल्यावर कळलं, पळीभर दह्यात तांब्याभर पाणी आणि वर सढळ मीठ. रक्तदाब वाढलेलाच होता. ताक उन्हाळ्यात थंडावा देतं, तहान भागवतं, पण त्यात जेवढं दही तेवढंच पोषण.

हे सगळं शिकले तरी मुख्य गोष्ट अजून कळायची होती. ती एका मजूर बाईने शिकवली. बांधकामावर काम करणारी, तीन मुलं, चौथ्या वेळी गरोदर. मी माझ्या सवयीने सांगत होते, सकाळी कपभर, रात्री कपभर. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ताई, आमच्यात पाव लिटरची पिशवी येते. त्यात सगळ्यांचा चहा.” मी वर बघितलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी कागद बाजूला ठेवला आणि पहिल्यांदा विचारलं, “घरात येणारं दूध कोण कोण पितं?”

त्या प्रश्नाने माझं उरलेलं काम बदलून टाकलं. त्या बाईला मी दूध वाढवायला सांगितलं नाही. तिच्याकडे सुकट असायची, बाजरी असायची, कामाच्या जागेजवळ शेवगा होता. आम्ही त्यातूनच बसवलं. सुकटीची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, भाकरीवर तिळकूट. आणि अंगणवाडीतून मिळणारा आहार तिनेच खायचा, मुलांत वाटायचा नाही, हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

तेव्हापासून हा प्रश्न मी प्रत्येकीला विचारला. मजुराच्या घरी विचारला तसा बंगल्यातल्या घरीही. उत्तरं ऐकून माझी झोप उडायची. रोज दोन लिटर दूध येणाऱ्या घरात सून चहापुरतं दूध घेत होती. मुलगा दहावीला म्हणून त्याला दोन पेले, मुलगी बारावीला असूनही तिला विचारलं गेलं नव्हतं. सासऱ्यांना रात्री केशराचं, नवऱ्याला व्यायामानंतरचं, आणि जिच्या हाताला पातेल्याचे चटके बसायचे तिच्या वाट्याला तळाची खरवड. कुणी तिला नको म्हटलेलं नसायचं. ती स्वतःच म्हणायची, “मीच वाढते ना, मग माझं शेवटी.” ऑपरेशन फ्लड ही देशातलं दूध वाढवणारी योजना १९७० मध्ये सुरू झाली, १९९८ पासून आपला देश जगात सर्वाधिक दूध काढतो. माझ्या वडिलांसारख्या लाखो माणसांनी किटल्या वाहून ते घडवलं. त्याचा मला अभिमान आहे. पण ते दूध गावातून शहरात आलं, शहरातून घरात आलं, आणि घरातल्या शेवटच्या चार पावलांवर अडलं, हे मी रोज बघत होते.

याच काळात गावाहून फोन आला. आई अंगणात पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. तिचं वय एकाहत्तर. एवढ्याशा पडण्याने हाड मोडावं, याचं डॉक्टरांना नवल वाटलं नाही. मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसले होते. सवयीने मनातल्या मनात तिचा आहार लिहू लागले. ती काय खायची? भाकरी, भाजी, आमटी. दूध? मला तो गडू आठवला. त्यातलं थोडं आजोबांच्या चहाला, थोडं धाकट्या भावाला, उरलेल्याचं विरजण. दुसऱ्या दिवशी त्या दह्याची कढी, कधी ताकातलं पिठलं. अर्ध्या लिटरचं ती आठ जणांना पुरवायची. जे मी पुढे तक्त्यांमध्ये लिहीत आले, थोडक्या दुधाचं दही करा, कढी करा, जेवणात मिसळा, ते सगळं ती आधीच करत होती. मग मी आठवू लागले, कढीची वाटी घेऊन ती जेवायला बसली आहे असं कधी दिसलं होतं का? मला एकही प्रसंग आठवला नाही. आम्ही जेवून उठल्यावर ती जेवायची. तेव्हा पातेलं आमच्या भाकऱ्यांनी पुसून काढलेलं असायचं.

आईचं हाड केवळ दुधावाचून मोडलं असं मी म्हणणार नाही. वय होतं, पाच बाळंतपणं होती, आणखी कारणं असतील. पण इतरांना प्रश्न विचारत फिरणाऱ्या मला माझ्याच घरातलं उत्तर पन्नाशीला आल्यावर मिळालं, याचं दुःख आहे.

उपाय सुचवला तो एका पेशंटनेच. तिला मी वर्षभर सांगत होते, स्वतःसाठी वाटीभर दही ठेवत जा. ती हो म्हणायची आणि ठेवलेलं दही कुणाच्या तरी पानात जायचं. एका भेटीत ती हसत आली. म्हणाली, “ताई, जमलं. आता मी पातेल्यात विरजण लावतच नाही. रात्री पाच वाट्या मांडते, सगळ्यांत कोमट दूध घालते आणि प्रत्येकीत थेंबभर विरजण. सकाळी पाच वाट्या, पाच माणसं. माझी वाटी माझीच. उचलून खायला कुणी धजत नाही.” पाच माणसांच्या घरात पाचवी वाटी तिची आहे, हे सांगायला तिला एक शब्दही बोलावा लागला नव्हता. ते मी नंतर शेकडो जणींना सांगितलं. अनेकींच्या घरी ते चाललं.

आई त्यानंतर माझ्याकडे पुण्यात राहिली, काठीच्या आधाराने चालू लागली. पहिल्या दिवशी मी रात्री ओट्यावर चार वाट्या मांडल्या. ती खुर्चीत बसून बघत होती. म्हणाली, “अगं, एवढ्या भांड्यांचा पसारा कशाला? एकाच पातेल्यात लाव की.” मी ऐकलं नाही. सकाळी जेवताना तिची वाटी तिच्यापुढे ठेवली. तिने सवयीने ती नातवाकडे सरकवली. नातवाने स्वतःची भरलेली वाटी उचलून तिला दाखवली. मग तिने इकडेतिकडे बघितलं, कुणाचीच वाटी रिकामी नव्हती. तिने चमचा हातात घेतला आणि भातावर दही ओढून घेतलं.